धडधड आधी तिला कळली

माझी मुलगी शेजारणीला चिक्कम्मा म्हणते. आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो तेव्हा मुलगी बालवाडीत जायच्या वयाची होती आणि बोगादीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या साइटी रिकाम्या होत्या. प्लॉटला इथे साइट म्हणतात, हे मला आल्यावर कळलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक. नवऱ्याला हूटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि मी दिवसभर एका न कळणाऱ्या भाषेच्या मधोमध बसून राहायची. चिक्कम्मा म्हणजे मावशी किंवा काकू, एवढंच मी धरून चालले होते. पुढे मुलीच्या कन्नडच्या अभ्यासात शब्दांची फोड आली. ती ओट्याशी उभी राहून मला सांगत होती, "चिक्क म्हणजे लहान, अम्मा म्हणजे आई. मग चिक्कम्मा म्हणजे धाकटी आई." ती सांगून खेळायला निघून गेली. कुठे, तर शेजारीच.

शेजारीण म्हैसूरचीच. तिच्या घराण्यातलं कोणीतरी पूर्वी राजाच्या फौजेत आलं आणि इथलंच झालं. घरात ते अजून मराठी बोलतात, पण तिच्यात अर्धी कन्नड कालवलेली. पहिल्या भेटीतच ती म्हणाली होती, "मराठी माणूस शेजारी आलं, छान झालं. पण माझं बोलणं ऐकून हसू नको हां. आम्ही सुम्ने आपलं घरात बोलतो तेवढंच." सुम्ने म्हणजे उगाच, आपलं सहज. तो शब्द ती प्रत्येक वाक्यात घालते. वयानं ती माझ्याएवढीच, पण उंच, सडसडीत, आणि हिनकलच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा बराच मोठा. तो शिकायला बाहेर पडला आणि त्यानंतर तिच्या घरात मुलाबाळांचा आवाज होता तो माझ्या मुलीचा.

मी गणिताच्या शिकवण्या घ्यायची, अजूनही घेते. संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये मुलं बसलेली असायची, त्यामुळे मुलगी शेजारी जायची. तिथेच खायची, तिथेच अभ्यास करायची. घरी यायची ती कन्नड बोलत. मला अर्धं कळायचं, अर्धं तिच्या तोंडाकडे बघून ताडायचं. दोघी कंपाउंडच्या पलीकडे कशावर तरी हसत असल्या की मी कपडे वाळत घालताघालता विचारायची, "काय झालं गं?" मुलगी म्हणायची, "काही नाही आई, मराठीत सांगितलं तर गंमत जाईल."

मुलगी पुढे शेजारीण शिकवायची त्याच शाळेत गेली आणि तिनं मुलीला पळायला लावलं. चांगली पळायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत एकदा तिची शर्यत बघायला मी गेले होते. शेवटच्या वळणावर ती दुसरी होती, मग पहिली झाली. मी कडेला पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभी होते. रेषा ओलांडल्यावर ती आधी शिक्षिकेकडे गेली. तसंच असतं, वेळ तिच्याच घड्याळात होती. मी तेव्हा स्वतःला हेच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण पाणी प्यायला ती माझ्याकडे आली तेव्हा मी बाटली जरा जोरातच तिच्या हातात दिली.

मुलगी दहाएक वर्षांची असताना माझे वडील गेले. सांगलीला, घरीच, हृदयविकाराचा झटका येऊन. सत्तरीला आले होते, त्याआधी कसली तक्रार नव्हती. फोन आला तेव्हा माझी बॅग शेजारणीनं भरली आणि मुलगी तिच्याकडे राहिली. परत आल्यावर मी वेगळी बाई झाले होते. घरातल्या प्रत्येकाच्या छातीवर माझं लक्ष राहू लागलं. नवरा जिना चढून दमला की मी त्याच्याकडे बघत बसायची. मुलीला ताप आला की कपाळाआधी मनगट धरायची. तिचं पळणंही मी बंद केलं होतं काही महिने. नंतर कळलं की ते बंद झालंच नव्हतं, शेजारीण तिला शाळा सुटल्यावर मैदानावर नेत होती. मी भांडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "पोरगी पळाली नाही तर जेवत नाही गे. तू बघितलं नाहीस का?" मी ते बघितलं नव्हतं.

हे सगळं मागचं. आता मुलगी पंचविशीत आहे, बंगळुरूला नोकरी करते, जमेल त्या शनिवार-रविवारी घरी येते. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत ती अशीच आली होती. बाजारात अवरेकाळू, म्हणजे इथले वाल, भरभरून आले होते, आणि रविवारी सकाळी शेजारणीनं आम्हा सगळ्यांना त्याचं उप्पिट खायला बोलावलं होतं. नवरा पेपर घेऊन बसला होता. मुलगी ओट्याला टेकून कॉफी पीत होती. शेजारणीनं तिच्या ताटलीत वाढलं आणि सहज विचारलं, "आता परत धडधड नाही ना होत?"

मुलीनं मान हलवली, लगेच, थोडीशी. नको, असं सांगणारी.

मी म्हटलं, "कसली धडधड?"

 शेजारणीच्या हातात उप्पिटाचा डाव तसाच राहिला. नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं.

"काही नाही आई," मुलगी म्हणाली. "मागेच झालं ते. सगळं ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

मग ते बाहेर आलं. मुलीनं नवीन नोकरी घेतली होती, हे मला माहीत होतं. रुजू होण्याआधी तपासणी झाली होती, ते माहीत नव्हतं. तिथे ईसीजी काढला, आणि यंत्रानं कागदावर 'अनियमित ठोके' अशा अर्थाचं काहीतरी छापलं. तिथला माणूस म्हणाला, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून या. त्या रात्रीपासून तिला छातीत धडधड जाणवू लागली. तिनं फोन केला शेजारणीला. शेजारीण म्हणाली, इकडे ये. मुलगी कामाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं म्हैसूरला आली, शेजारीण शाळेतून रजा काढून स्कूटरवर तिला घ्यायला स्टेशनवर गेली, दोघी हॉस्पिटलात गेल्या, डॉक्टरांना भेटल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं मुलगी परत गेली.

माझी मुलगी पूर्ण दिवस म्हैसूरमध्ये होती. मी त्या दिवशी घरी होते. मुलांना समीकरणं शिकवत होते, किंवा शेंगा सोलत होते, किंवा झोपले होते. मला आठवेना मी काय करत होते, आणि तेच मला जास्त लागलं. ज्या दिवशी माझ्या मुलीला वाटत होतं की तिच्या हृदयाला काही झालंय, तो दिवस माझ्यासाठी कुठल्याही दिवसासारखा गेला होता.

मी ताटली खाली ठेवली. उप्पिट चांगलं झालं होतं, असं म्हणाले. मग घरी आले.

मुलगी मागोमाग आली. मी गॅलरीत उभी होते. ती म्हणाली, "आई, तू घाबरली असतीस."

"आणि ती नाही घाबरली?"

"ती घाबरली तरी कळत नाही. तू घाबरलीस की मला तुला सांभाळावं लागतं. त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकद नव्हती."

"मग ती काय बोलली तुला?"

"काहीच नाही. बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तिनं हात धरला होता. बस."

मी विचारलं, "आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"नॉर्मल आहे म्हणाल्या. श्वासाबरोबर ठोके कमी-जास्त होतात, तसंच असतं." ती थांबली. "चिक्कम्मालाच विचार, तिला नीट आठवतं. मी नीट ऐकलंच नाही तेव्हा."

माझ्या मुलीच्या हृदयाबद्दल मला शेजारी जाऊन विचारावं लागणार होतं. मी गेले नाही. तो आठवडा मी कंपाउंडच्या त्या बाजूला कपडेसुद्धा वाळत घातले नाहीत.

आणि नेमकं त्यानंतर माझ्याच छातीत सुरू झालं.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. आत एक ठोका चुकल्यासारखा वाटला, एक पोकळी, आणि मग पाठोपाठ जोराचा धक्का, कोणी आतून बुक्की मारल्यासारखा. हातातला खडू तसाच राहिला. मुलं बघत होती. मी गणित पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना झालं. मग पडल्यावर, डाव्या कुशीवर वळलं की. वडिलांचा विचार येणारच होता, आला. पण त्याच्या जोडीला दुसराही विचार आला, आणि तो मी इथे लिहून टाकते: हे मी कोणालाही सांगणार नाही. तुम्हाला दोघींना एक गुपित होतं ना, आता मला माझं आहे.

नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, चल आत्ताच्या आत्ता. मी ठरवलं होतं की जायचं तर एकटीनं, आणि त्याच डॉक्टरांकडे. हॉस्पिटलचं नाव त्या रविवारी बोलण्यात आलंच होतं. तपासणी हे निमित्त नव्हतं, मला खरंच भीती वाटत होती. पण शहरात हृदयाचे डॉक्टर पुष्कळ आहेत. मला त्या खोलीत जायचं होतं जिथे माझी मुलगी बसली होती आणि मी नव्हते.

रिक्षानं गेले. बाहेर बाकांची रांग होती. कुठल्या बाकावर त्या दोघी बसल्या असतील, हे मी बघत होते. शेवटी खिडकीजवळचा बाक मी ठरवून टाकला आणि त्याच्यापासून लांब बसले.

डॉक्टर माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, चष्मा, केस घट्ट बांधलेले. मला कन्नड तोडकं येतं हे लक्षात येताच त्या हिंदीत वळल्या. काय होतं, केव्हा होतं, सगळं विचारलं. कॉफी किती, झोप कशी, थायरॉइड कधी तपासलंय का. चक्कर येऊन कधी पडलात का, छातीत दुखतं का, चढ चढताना दम लागतो का, धडधड सुरू होऊन थांबतच नाही असं झालंय का. मी नाही, नाही म्हणत होते.

"घरात कोणी अचानक गेलंय? तरुण वयात?"

"वडील. पण तरुण नाही, सत्तरीला आले होते. अटॅक होता."

त्यांनी लिहून घेतलं. मला ईसीजीला पाठवलं. थंड जेल, छातीवर चिमटे, तीच ती कागदाची पट्टी. पट्टी घेऊन मी परत आले तर त्यांनी ती टेबलावर पसरली आणि पेनाच्या टोकानं दाखवू लागल्या. या पट्टीत तरी सगळं ठीक होतं. पण ज्या वेळी होतं त्या वेळचं दिसायला हवं, म्हणून त्यांनी एक दिवस अंगावर लावून ठेवायचं यंत्र सांगितलं, हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी.

मी उठले नाही. म्हटलं, "माझी मुलगी तुमच्याकडे आली होती. काही आठवड्यांपूर्वी. एका उंच बाईंबरोबर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना आठवत होतं.

"त्यांच्याबद्दल मी नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "मोठ्या आहेत त्या. त्यांनाच विचारा."

"मी तिची आई आहे."

"तरीही." मग जरा मऊ आवाजात, "काय विचारायचंय? कोणा एकाबद्दल नाही, साधारण सांगता येईल."

मी विचारलं, ठोके अनियमित असूनही नॉर्मल कसे असतात. मी गणित शिकवते. अनियमित म्हणजे चुकलेलं, हेच मला माहीत.

त्यांनी माझा हात पुढे ओढला, माझीच तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि म्हणाल्या, "हळू श्वास आत घ्या. मोठा. आता सोडा. पुन्हा." मी घेत राहिले. आधी काही कळलं नाही. मग कळलं. श्वास आत जाताना ठोके किंचित लगबगीनं येत होते, सोडताना रेंगाळत होते. फार थोडा फरक, पण होता.

"तुमच्या वयात कमी जाणवतो," त्या म्हणाल्या. "वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांत, त्यातून ती पळणारी असतील तर, खूप दिसतो. यंत्र ठोक्यांमधली अंतरं मोजतं आणि अनियमित असं छापतं. समोरचा माणूस श्वास घेतोय हे त्याला कळत नाही. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. तुम्ही उठलात, बसलात, कोणाची आठवण आली, घाबरलात, की ते बदलतं. झोपेत मंद होतं. पळणाऱ्यांचं बसल्याजागीही मंद असतं. हृदयाला हे सगळं ऐकू येतं आणि ते त्याप्रमाणे चालतं."

"मग जे मला होतं ते?"

"ते वेगळं. तपासू, मग बोलू. पण बहुतेक काय असेल ते सांगते, म्हणजे आज झोप लागेल. एखादा ठोका वेळेच्या आधी पडतो. तो इतका हलका असतो की तुम्हाला लागतच नाही. त्याच्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात पडतो. तुम्हाला जाणवतो तो हा. थांबलं असं वाटतं, थांबलेलं काही नसतं. पुष्कळ लोकांना होतं हे, त्यांतल्या अनेकांना पत्ताही नसतो."

मी बाहेर आले. खिडकीजवळच्या बाकावर आता एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर शिसपेन्सिलीनं शब्दकोडं सोडवत. छातीत जरा मोकळं वाटलं. आणि मोकळं वाटताच पुन्हा ते आलं: ही एवढी सुंदर गोष्ट, श्वासाची, माझ्या मुलीबरोबर पहिल्यांदा ऐकली ती शेजारणीनं. मुलीचं मनगट धरून त्या दोघींनी हे केलं असणार. मोठा श्वास, आता सोड.

दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं. छातीवर चिकटवलेल्या चकत्या, त्यांच्यातून निघालेल्या वायरी आणि गळ्यात अडकवलेली छोटी डबी. अंघोळ करायची नाही, बाकी नेहमीसारखं राहायचं. नवऱ्याला आता सांगावंच लागलं. तो कामावर जायचं टाळतो म्हणाला, मी बळेच पाठवला. ओढणी घट्ट लपेटून घरात वावरत होते.

दुपारी फाटक वाजलं. शेजारीण होती, शाळेतून लवकर आलेली, हातात डबा. त्या रविवारनंतर ती पहिल्यांदाच येत होती. ती दारातच म्हणाली, "तू येत नाहीस, म्हणून मी आले. रागावलीस तर रागाव. पण किती दिवस?"

मी तिला बस म्हटलं आणि पाणी आणायला वळले. ओढणी सरकली असणार.

"हे काय गे?" ती उठून उभी राहिली होती. "केव्हापासून?"

सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"घाबरेल ती."

 माझ्याकडे बघून तिनं डबा उघडला, आत कोबरी मिठाई होती, खोबऱ्याच्या वड्या. एक मला दिली, एक स्वतः घेतली. आम्ही दोघी समोरासमोर बसून वड्या खात होतो आणि माझ्या गळ्यातली डबी आमचं काय चाललंय ते आपल्या परीनं नोंदवत होती.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "मला तुला फोन करायचा होता. स्टेशनवर उतरली ती पांढरी पडलेली. प्लॅटफॉर्मवरच उलटी झाली तिला. मी काय करू, मला कळेना. मी शाळेत रोज कोणाचा पाय मुरगळला, कोणाला चक्कर आली, सगळं बघते, पण ही तर आपली पोरगी. फोन काढला हातात, तर तिनं माझा हातच धरला. आईला नको, म्हणाली. आजोबांचं झालं तेव्हापासून आई झोपत नाही, म्हणाली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. बाकावर बसलो. नंबर यायला वेळ होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली ती. लहान असताना तुझ्या शिकवण्या चालायच्या तेव्हा झोपायची तशी."

हे तिनं सांगायला नको होतं. ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती, आणि मला ते दिसत होतं, तरी ते डोकं आणि तो खांदा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आत पुन्हा ती पोकळी आणि ती बुक्की. मी छातीवर हात ठेवला.

"झालं का आत्ता?" तिनं विचारलं.

"झालं."

"बरं झालं. मशिनमध्ये आलं असेल." ती जवळ सरकली. "माझा बघ."

तिनं मनगट पुढे केलं. मी बोटं ठेवली. तिचे ठोके इतके सावकाश होते की एक झाल्यावर पुढचा येणार की नाही असं वाटत होतं. येत होता. "मला पण एकदा एका डॉक्टरनं भीती घातली होती," ती म्हणाली. "एवढं मंद, काहीतरी बिघाड आहे म्हणाला. सगळं तपासलं. शेवटी दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही पळता का. हौदु, म्हटलं, पळते की. मग काही नाही, जा म्हणाला."

हिचं हृदयसुद्धा माझ्यापेक्षा धीमं, असं माझ्या मनात आलं. पण मनगट मी लगेच सोडलं नाही.

यंत्राचा निकाल डॉक्टरांनी म्हटल्यासारखाच आला. अधूनमधून वेळेआधी पडणारे ठोके, बाकी काही नाही. सोनोग्राफीत हृदय चांगलं, रक्तातलं सगळं जागच्या जागी. कॉफी कमी करून बघा, झोप नीट घ्या, औषध नको. चक्कर आली, पडलात किंवा छातीत दुखलं तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच या, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. फळ्यापासून. मला दोनदा विचारावं लागलं, आहेस ना. मग ती चिडली. तशी चिडलेली मी तिला बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

"तू एकटी गेलीस? मला सांगितलं नाहीस?"

"तूही नव्हतं सांगितलंस."

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

"तू आई आहेस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तुला काही झालं असतं तर मला शेजारून कळलं असतं का?"

 हेच वाक्य मी त्या रविवारपासून मनातल्या मनात तिला ऐकवत होते. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. मग ती रडू लागली आणि ते ओसरलं.

शनिवारी ती घरी आली. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी मागच्या पायरीवर उन्हात बसलो. ती म्हणाली, "दाखव." मी हात दिला. तिला मनगटावर नाडी नीट सापडेना, मी तिची बोटं सरकवली. मग मी तिचा दुसरा हात घेतला आणि माझी बोटं तिच्या नाडीवर ठेवली. "मोठा श्वास घे," मी म्हटलं. तिनं घेतला. ठोके धावत आले. "सोड." ते मागे पडले, अगदी स्पष्ट, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. ही मुलगी माझ्या पोटात होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला तिचे ठोके ऐकवले होते, तेव्हाही ते असेच धावत होते. ते मी तिला सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. शेजारणीलाही माहीत नव्हतं, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

"तुझं काहीच होत नाहीये," ती म्हणाली.

"थांब. ते सांगून येत नाही."

आम्ही बसून राहिलो. समोरच्या साइटवर कोणाचं तरी बांधकाम चाललं होतं, मिक्सर थांबला की कावळ्यांचा आवाज यायचा. मग एकदम तिची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. तिचा चेहरा मी बघत होते. ठोका पडला नाही, आणि त्या एवढ्याशा वेळात तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी आधी कधी माझ्यासाठी बघितलं नव्हतं. किंवा बघितलं असेल आणि मला त्या वेळी दिसलं नसेल. पुढचा ठोका जोरात आला. तिनं श्वास सोडला.

"हा?"

"हाच."

"बाप रे, आई. हे तुला रोज होतं?"

"रोज नाही. आता कमी झालंय."

मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगू शकले असते. पण मी हात तसाच राहू दिला.

कंपाउंडच्या पलीकडून शेजारणीची हाक आली. कॉफी टाकली आहे, दोघी या. माझ्यासाठी अर्धा कप, असंही तिनं तिथूनच जोडलं.

"येतो," मुलगी ओरडून म्हणाली.

पण ती उठली नाही. बोटं माझ्या मनगटावर ठेवून ती पुढच्या चुकलेल्या ठोक्याची वाट बघत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते की तो लवकर येऊ नये. पलीकडे कॉफी निवत असणार, हे मला कळत होतं. शेजारीण तीन कप मांडून बसली असेल, हेही कळत होतं. तरी मी म्हटलं नाही, चल.

शेवटी ती स्वतःच उठली आणि मला हात देऊन उठवलं. शेजारच्या फाटकातून आत शिरताना तिनं माझा हात सोडला आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलत पुढे गेली. शेजारीण हसली. मी मागून विचारलं, "काय म्हणाली गं?"

"म्हणते, आईचं हृदय मला घाबरवतं," शेजारीण म्हणाली, "स्वल्प साखर जास्त घाल म्हणते तिच्या कॉफीत." आणि तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली.